ओठ आधी की आवाज आधी?

मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटचा सामना पाहताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फलंदाजाने टोलवलेला चेंडू आधी उडालेला दिसतो आणि मग ‘टक्’ असा आवाज येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, तर हवेतील ध्वनीचा अवघा ३४० मीटर! म्हणजे ६८ मीटर अंतर कापायला आवाजाला एक-पंचमांश सेकंद लागतो. तरी आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

परंतु संगणकावर चित्रपट पाहताना नटाचे ओठ हलण्यापूर्वीच त्याचा संवाद ऐकू आला, तर आपल्याला हसू येते. असे का बरे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या एका शिफारशीत याची मापे दिलेली आहेत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकांना ते कळू लागते. मागे पडला, तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. निसर्गात आवाज उशिरा येतो, आधी कधीच येत नाही. मेंदूला त्याचीच सवय आहे, असे याचे कारण मानले जाते.

चित्र आणि ध्वनी यांची ही जोडी जमवणे पूर्वीही सोपे नव्हते. बोलपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ध्वनीची पट्टी कडेला छापलेली असे. गंमत अशी की, चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसून सुमारे २० चौकटी पुढे असे! कारण पडद्यावर चित्र स्पष्ट दिसण्यासाठी फिल्म थांबतथांबत सरकावी लागते, तर ध्वनीसाठी ती एकसारखी वाहावी लागते. म्हणून या दोन कामांच्या जागा यंत्रात वेगळ्या ठेवलेल्या. फिल्म ओवताना मधले वेटोळे लहानमोठे झाले की संवाद बिघडलाच.

संगणकाच्या फाइलीत वेटोळे नाही. तेथे चित्र व ध्वनी यांची लहान लहान पुडकी असतात आणि त्यांवर वेळेचे शिक्के असतात. एमपीईजी पद्धतीत या शिक्क्यांसाठी सेकंदाचे ९०,००० भाग पाडतात. प्लेअर बहुधा ध्वनीचे घड्याळ प्रमाण मानतो आणि चित्र मागे पडले तर एखादी चौकट गाळून टाकतो. गळालेली चौकट डोळ्याला सहसा कळत नाही, पण आवाजातला बारीकसा खंडही कानाला टोचतो.

मग चूक होते कोठे? कधी शिक्केच चुकीचे पडलेले असतात. कधी ब्लूटूथचा ध्वनिक्षेपक आवाज उशिरा पोहोचवतो. शाळेच्या सभागृहात चित्रफीत दाखवणाऱ्या शिक्षकांनी आधी तारेने जोडून पाहावे, हे बरे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर उपाय सोपा. विंडोज किंवा लिनक्सवरील व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांपैकी एक दाबली की आवाज ५० मिलिसेकंद पुढे जातो, दुसरी दाबली की तेवढाच मागे.

पण सुरुवातीला जुळलेला आवाज हळूहळू दूर जात असेल, तर? समजा, सेकंदाला २४ चौकटींचे चित्र २३.९७६ च्या गतीने चालले आणि ध्वनी मूळ गतीनेच राहिला. तासाभरात ८६,४०० चौकटी दाखवायच्या. त्यांना ३,६०० ऐवजी ३,६०३.६ सेकंद लागतील. आवाज साडेतीन सेकंदांहून अधिक पुढे! येथे कळा दाबणे व्यर्थ. मध्यंतरापूर्वी जुळवाल, ते मध्यंतरानंतर पुन्हा बिघडेल. गतीच दुरुस्त करून फाइल नव्याने बनवावी लागते.

आता एक प्रयोग करा. मोबाइलवर मित्राच्या टाळ्यांची मिनिटभराची चित्रफीत जवळून घ्या व तारेचे हेडफोन लावून व्हीएलसीवर पाहा. कोणत्या कळीने आवाज मागे पडतो, ते टाळी ऐकून तुम्हीच ठरवा. मग पाहणाऱ्याला आकडा न दाखवता ५०-५० मिलिसेकंदांनी फरक वाढवा आणि त्याला खटकेल तेथे थांबा. दोन्ही दिशांची मापे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. वर्गातल्या दहा जणांची मापे घ्या, घरी आजी-आजोबांचीही घ्या. प्रत्येक वेळी आकडा शून्यावर आणूनच सुरुवात करा.