कड्याचे दप्तर

शाळेतून परतलेल्या मुलाचे दप्तर आईने रिकामे करावे आणि पुस्तकांबरोबर त्यातून पारव्याचे एक पीस, झाडाला चिकटलेली किड्याची वाळकी कात, ओढ्यातल्या दोन-तीन गारगोट्या आणि गेल्या आठवड्यात पाऊस कोणत्या दिवशी किती वेळ पडला याची पेन्सिलीने केलेली यादी बाहेर पडावी, असा प्रसंग ज्या घरात घडतो त्या घरात बहुधा एकच तक्रार ऐकू येते : ‘याचे एक धड नाही, आज पाखरे, उद्या ढग, परवा दगड!’ या तक्रारीच्या मुळाशी असे गृहीत धरलेले असते की प्राणी, हवामान आणि जीवाश्म ही तीन निरनिराळी खाती असून एकाच कारकुनाने तिन्ही मेजांवर बसणे हे काम टाळण्याचे लक्षण होय. वास्तविक हे खातेवाटप विद्यापीठांनी आपल्या सोयीसाठी केलेले आहे. निसर्गात त्याचा अंमल नाही. एका गरीब सुताराच्या मुलीने ही तिन्ही खाती लहानपणापासून सांभाळली, आणि त्यांतील एक जरी वगळले असते तरी उरलेली दोन तिच्या हाती निष्फळ ठरली असती. त्या मेरी ॲनिंगचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रीजिस नावाचे लहानसे बंदर आहे. त्याच्या आसपासच्या कड्यांत करड्या चुनखडकाचे आणि काळसर, पापुद्रेदार चिकणमातीचे थर आलटून पालटून असे रचलेले आहेत की कोणी वह्यांची थप्पीच लावून ठेवली असावी. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी एका उबदार समुद्राच्या तळाशी हा गाळ साचला आणि त्यात त्या काळचे जलचर पुरले गेले. परंतु हे दप्तर कोणाच्या अर्जाने उघडत नाही. ते उघडण्याचा अधिकार केवळ हवामानाला आहे. हिवाळ्यातील पाऊस वरून मुरत जातो, चिकणमाती पाणी पिऊन निसरडी होते, खालून वादळी लाटा पायथा पोखरीत असतात, आणि मग एखाद्या रात्री कड्याचा मोठा भाग आपल्याच भाराने खाली घसरतो. त्याने उघडे पाडलेले हाड तेथेच टिकून राहील अशी मात्र शाश्वती नाही, कारण जो समुद्र ते दाखवितो तोच पुढल्या भरतीला ते फोडून नेतो. म्हणून शहाणी माणसे घरात शेकोटीजवळ बसतात त्या दिवसांत, वादळ ओसरल्याबरोबर आणि भरतीची वेळ मनाशी मोजून, किनारा गाठणे हाच या शोधाचा पहिला नियम होता.

मेरीचा जन्म २१ मे १७९९ चा. ती सव्वा वर्षाची असताना, १९ ऑगस्ट १८०० रोजी, तिला कडेवर घेऊन एका झाडाखाली उभ्या असलेल्या शेजारणीवर वीज पडली. ती शेजारीण आणि तिच्याबरोबरच्या दोन स्त्रिया जागीच गेल्या, मूल तेवढे वाचले. पुढे गावाने या पोरीच्या चलाखीचे श्रेय त्या विजेला दिले. अधिक खरे श्रेय तिच्या वडिलांना द्यावे लागेल, कारण रिचर्ड ॲनिंग हे लाकूडकाम सांभाळून किनाऱ्यावरील चमत्कारिक दगड वेचीत, ते प्रवाशांना विकत आणि त्या फेरीला आपल्या दोन्ही मुलांना बरोबर नेत. १८१० साली ते वारले तेव्हा कुटुंबावर १२० पौंडांचे कर्ज होते, आणि धर्मादाय मदतीवर दिवस काढणाऱ्या त्या घरात दगड वेचणे हे मुलीच्या हौसेइतकेच चुलीचेही साधन झाले.

१८११ साली तिचा भाऊ जोसेफ याला चार फूट लांबीची एक अश्मीभूत कवटी सापडली, आणि पुढल्या वर्षी बाकीचा सांगाडा शोधून काढला तो बारा-तेरा वर्षांच्या मेरीने. लोकांना ती सुसर वाटली. स्थानिक जमीनदाराने २३ पौंड देऊन तो सांगाडा घेतला, यथाकाल तो लंडनला पोहोचला, आणि तेथील विद्वान ही मासोळी की सरडा या वादात काही वर्षे गुंतून पडले. अखेर १८१७ साली त्याला इक्थिओसॉरस, म्हणजे ‘मत्स्य-सरट’, असे दोन्ही पक्षांचे समाधान करणारे नाव मिळाले.

येथपर्यंतची कथा हवामानाची आणि चिकाटीची झाली. परंतु सापडलेले हाड कोणाचे आहे हे कडा सांगत नाही, त्यासाठी जिवंत प्राण्याकडे जावे लागते. शालेय शिक्षण नाममात्र लाभलेली ही मुलगी शास्त्रीय निबंध उसने आणून आकृत्यांसह हाताने उतरून घेई आणि बाजारातले मासे व माकुल चिरून त्यांची रचना पाही. बेलेम्नाइट नावाच्या, बंदुकीच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या जीवाश्मात तिला वाळलेल्या शाईची पिशवी आढळली, ती ओळखू आली याचे कारण माकुलाच्या पोटातली शाई तिने पाहिलेली होती. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने तर ती पुरातन शाई पाण्यात भिजवून जीवाश्मांची चित्रे काढली. ‘बेझोअर’ या नावाने खपणारे काही ओबडधोबड खडे मत्स्य-सरटांच्या पोटाच्या जागीच सापडतात, आणि ते फोडले असता आत माशांची हाडे व खवले निघतात, हेही तिने हेरले. त्यावरून भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी १८२९ साली ती अश्मीभूत विष्ठा असल्याचा निर्णय दिला. वीस कोटी वर्षांपूर्वी कोण कोणाला खात होते याची लेखी साक्ष अशा रीतीने, ज्या वस्तूकडे सभ्य माणसाने पाहूही नये तिच्यातून, उपलब्ध झाली!

१८२३ च्या डिसेंबरात तिने प्लेसिओसॉरस या दुसऱ्या सागरी सरटाचा पहिला संपूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब होती की पॅरिसच्या कुव्हिए यांच्यासारख्या शरीरशास्त्राच्या सार्वभौमानेही तो बनावट असल्याची शंका घेतली; पुढे ती त्यांना मागे घ्यावी लागली. २० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत या प्राण्याचे सविस्तर वर्णन झाले, मात्र तो काढणारीचा नामोल्लेखही झाला नाही. स्त्रियांना त्या संस्थेचे सभासदत्व नव्हते आणि ते पुढे १९१९ पर्यंत मिळाले नाही. १८३३ साली कडा ढासळून तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात बचावली, आणि पुन्हा त्याच कड्याखाली जाऊ लागली. उत्तरायुष्यात तिला २५ पौंडांचे वर्षासन मिळाले. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले.

हे सारे परदेशातले, आपल्या काळ्या कातळात काय मिळणार, असे कोणी म्हणेल. सह्याद्रीचा बेसाल्ट हा लाव्ह्याचा असल्याने त्याच्या पोटात हाडे मिळत नाहीत हे खरे. परंतु देवघरात ज्याची पूजा होते तो चक्रांकित शाळिग्राम म्हणजे लाइमच्या किनाऱ्यावर विखुरलेल्या अमोनाइट या चक्राकार जीवाश्माचाच हिमालयातील भाऊबंद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा गावाच्या शिवारात तर मेरीच्या ‘बेझोअर’ खड्यांचेच सगोत्र, म्हणजे अश्मीभूत विष्ठेचे तुकडे, महाकाय सरटांच्या हाडांबरोबर मिळाले आहेत. त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केले आणि डायनोसॉर जिवंत असतानाच पृथ्वीवर गवत उगवत होते हे सिद्ध झाले. तोवर गवत हे त्यांच्या मागून आलेले, अशीच समजूत होती. तेथेही तोच त्रिवेणी संगम : जमीन उघडी करावी ती पावसाने व नांगराने, खडा ओळखावा तो जनावराची चाल ठाऊक असलेल्याने, आणि त्याचे वय सांगावे ते खडकाच्या थराने.

तेव्हा ज्यांच्या घरी असे दप्तर येते त्यांना एवढीच विनंती, की ते रिकामे करण्याची घाई करू नये. मुलाला ढासळत्या दरडीखाली जाऊ देऊ नये, पाखराच्या घरट्याला हात लावू देऊ नये, हे तर झालेच. परंतु प्रत्येक पिसाला आणि गारगोटीला एक चिठ्ठी बांधून तीवर गावाचे नाव, नेमकी जागा, तारीख आणि त्या दिवशीचे हवामान लिहिण्याची सवय त्याला लावावी. चिठ्ठी नसलेला दगड हा नुसता दगड असतो. चिठ्ठी असलेला तोच दगड पन्नास वर्षांनी एखाद्या संग्रहालयाला पुरावा म्हणून दाखल करून घेता येतो.