शर्यत स्वारांची, संघटना कुणाची?

दोस्तांनो, पनवेलच्या एसटी स्टँडजवळ हायवेच्या कडेला पाच मिनिटं उभे राहून पाहा. मुंबई, पुणे, गोवा, सगळीकडच्या गाड्या धावत असतात. मधूनच एखादी मोटारसायकल भुर्रकन निघून जाते, आणि आपल्यातला कुणीतरी म्हणतोच, "मोठेपणी मी रेसर होणार!" (आई जवळ नसेल तर जरा मोठ्याने म्हणतो.)

व्हा की! पण रस्त्यावर नव्हे बरं का, ट्रॅकवर. आणि ट्रॅकवर उतरायचं तर वेगळं लायसन्स लागतं. ते आरटीओ देत नाही. आपल्या देशात ते देते 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' ही चेन्नईची संघटना. नियम तिचे, पंच तिचे, शिक्षाही तिचीच.

आता ते नाव पुन्हा एकदा वाचा. क्लब्ज! म्हणजे ही संघटना क्लबांची आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? आपल्या रायगड जिल्ह्यातली कबड्डी आठवा. तुमच्या गावचा पोरगा जिवावर उदार होऊन चढाई करतो, पण तो खेळतो मंडळाकडून, आणि संघटनेत बसतात ते मंडळांचे प्रतिनिधी. मोटारसायकलचंही थोडंफार तसंच. जगाची संघटना आहे 'एफआयएम'. तिची मुळं १९०४ सालातली, कचेरी स्वित्झर्लंडमध्ये. तिचे सभासद म्हणजे देशोदेशींच्या संघटना. स्वाराचं म्हणणं आधी क्लबात, मग देशाच्या संघटनेत, मग स्वित्झर्लंडला. पोचेपर्यंत त्यातलं किती उरत असेल?

म्हणून स्वारांनी कधी कधी वेगळीच वाट धरली. १९५५ सालची हॉलंडमधल्या आसेनची गोष्ट ऐका. खासगी स्वार, म्हणजे स्वतःच्या पैशांनी गाडी घेऊन आलेले, म्हणाले, "आम्हाला मिळणारे पैसे फार थोडे आहेत. वाढवा." आयोजक ऐकेनात. शर्यत सुरू झाली, आणि एक फेरी मारून कितीतरी जण सरळ बाजूला थांबले! त्यांची बाजू घेतली जेफ ड्यूक या त्या काळच्या जगज्जेत्याने. त्याला स्वतःला पैशांची चणचण नव्हती, हे लक्षात घ्या. पुढे एफआयएमने काय करावं? ड्यूकसह डझनावर स्वारांना सहा महिने शर्यतबंदी! ज्या संघटनेने त्यांची बाजू मांडायची, तिनेच शिक्षा केली. मला तर हा शुद्ध अन्याय वाटतो.

पैशांचं एक वेळ सोडा. जिवाचं काय? आइल ऑफ मॅन बेटावरची शर्यत साध्या रस्त्यावर होते. कडेला भिंती, घरं, खांब! १९७२ साली तिथे जिल्बेर्तो पार्लोत्ती मरण पावला, तेव्हा त्याचा मित्र, महान विजेता जाकोमो आगोस्तिनी म्हणाला, मी इथे पुन्हा येणार नाही. इतरांनीही पाठ फिरवली. अखेर १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदातून वगळली. म्हणजे चार वर्षं लागली.

२००३ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर दाइजिरो कातो गेला, तेव्हा मात्र लवकर हालचाल झाली. मोटोजीपीने सुझुका सोडलं. स्वार, आयोजक आणि एफआयएम एकत्र बसतील अशी सुरक्षा समिती आली. शर्यतीच्या आठवड्यात स्वार तिथे बोलतात: अमुक वळणावर भिंत फार जवळ आहे, तमुक ठिकाणी खडी कमी आहे. कुठलं वळण वाईट, हे त्यावरून ताशी दोनशेने जाणाऱ्यालाच ठाऊक असणार!

पण नावाजलेल्या स्वाराचं सगळे ऐकतात. लहानांचं कोण ऐकणार? २०२१ या एका वर्षात युरोपातल्या ट्रॅकवर १४, १५ आणि १९ वर्षांचे तीन स्वार दगावले. तेव्हा एफआयएमने जागतिक अजिंक्यपदासाठी किमान वय, काही अपवाद सोडून, १८ केलं. २०२३ पासून ते लागू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत बंगळूरचा एक मुलगा गेला. वय अवघं १३. तुमच्या सातवी-आठवीच्या वर्गातला!

तेरा वर्षांचा मुलगा क्लबच्या सभेत हात वर करून 'हा वेग मला जास्त आहे' असं म्हणेल का? उलट तो तर म्हणणार, अजून जोरात जाऊ द्या! त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं. आईबाबा फॉर्मवर सही करतात, पण ट्रॅकची भिंत किती लांब असावी हे त्यांना कुठून कळणार?

संघटना नकोच, असं मात्र म्हणू नका हं. हेल्मेट तपासणारा, डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स असल्याशिवाय झेंडा न दाखवणारा कुणीतरी लागतोच. नुसत्या हौशी पोरांनी रात्री मोकळ्या रस्त्यावर लावलेल्या शर्यतीत यातलं काहीच नसतं.

२०२५ साली आपल्या संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. सरकारमान्य राष्ट्रीय क्रीडा संघटनांत खेळाडूंची समिती हवी आणि कार्यकारिणीतही खेळाडू हवेत, असं तो सांगतो. मोटारसायकलच्या खेळात त्या खुर्च्यांवर जगज्जेत्यांच्या जोडीला एखादा नवखा स्वारही बसला तर बरं. कारण आपल्या पनवेलच्या पोराला चेन्नईच्या ट्रॅकवर जायचं तर हजारावर किलोमीटर तुडवावे लागतात, गाडी टेम्पोत बांधून. तिथे पोचल्यावर त्याची तक्रार ऐकायला कुणाकडे जायचं, हे त्याला फाटकापाशीच कळलं पाहिजे.