पोर्टलवरचे शब्द आणि उधारीचा माल

नव्या गिऱ्हाइकाला माल उधारीवर द्यावा की नाही, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांत पूर्वी तोंडी चौकशीने सुटत असे. त्या गावच्या आडत्याला विचारले जाई, एखाद्या नातलगाकडून निरोप येई, आणि ‘पार्टी पक्की आहे’ किंवा ‘रोखीनेच द्या’ एवढ्या दोन-तीन शब्दांवर व्यवहार ठरे. ही रीत अजून संपलेली नाही आणि संपू नये, असेच माझे मत आहे. परंतु आपला माल आता ओळखीच्या परिघाबाहेर फार दूरवर जातो. इंदूरचा किंवा कोइमतूरचा कोणी खरेदीदार फोनवर मागणी नोंदवतो, जीएसटी क्रमांक पाठवतो आणि साठ दिवसांची मुदत मागतो. मग घरातील तरुण मंडळी पोर्टल उघडतात, ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द वाचतात आणि पार्टी चांगली असल्याचा निर्वाळा देतात.

गफलत होते ती येथेच. ‘ॲक्टिव्ह’ या शब्दाचा त्या माणसाच्या ऐपतीशी काहीही संबंध नाही. नोंदणी रद्द झालेली नाही, एवढेच तो सांगतो. सरकारी पोर्टलवरील प्रत्येक शब्द एकाच ठराविक प्रश्नाचे उत्तर देत असतो. आपण मनातला दुसराच प्रश्न त्याला विचारतो आणि मिळालेले उत्तर आपल्या प्रश्नाचे समजून माल गाडीत चढवतो. म्हणून रोजच्या व्यवहारात लागणाऱ्या काही मोजक्या शब्दांचा नेमका अर्थ येथे पाहू.

सुरुवात जीएसटी क्रमांकापासून करावी, कारण तो प्रत्येक बिलावर असतो आणि जीएसटी पोर्टलवर लॉग-इन न करताही शोधता येतो. हा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९, गोवा ३०. त्यापुढील दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. या पॅनमधील चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातील सहावे, अवश्य पाहावे. तेथे ‘पी’ असेल तर ती व्यक्ती, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब (आपली जैन कुटुंबेही कायद्याने याच वर्गात येतात), ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी अथवा एलएलपी, आणि ‘सी’ असेल तर कंपनी. फोनवर ‘आमची कंपनी’ म्हणणाऱ्याच्या क्रमांकात ‘पी’ निघाला, तर तो खोटे बोलतो असे लगेच समजू नये. बाजारात प्रत्येक दुकानाला कंपनी म्हणण्याची सवय आहे. पण येणे वसूल करण्याची वेळ आली तर दावा कोणावर लावायचा, हे त्या एका अक्षरावरून कळते.

त्याच पानावर ‘लीगल नेम’ आणि ‘ट्रेड नेम’ अशी दोन नावे दिसतात. ट्रेड नेम म्हणजे पाटीवरचे नाव. लीगल नेम म्हणजे कायद्यापुढे जो उभा राहील त्याचे नाव. एकट्या मालकाच्या दुकानात ते त्याचे स्वतःचे असते. एकाच पाटीखाली दोघा भावांचे दोन वेगवेगळे क्रमांक असल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मागणी एकाने नोंदवायची, बिल दुसऱ्याच्या क्रमांकावर काढायला सांगायचे, आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून यायचे, असा प्रकार दिसला की तेथेच थांबून चौकशी करावी.

ही जबाबदारीची गोष्ट जरा सविस्तर पाहिली पाहिजे, कारण आपल्या घरांतील व्यवहाराची घडण जुन्या पेढीची आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही बांधील असतो. पेढी बुडाली तरी भागीदाराच्या घरापर्यंत जाता येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे तसे नसते. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे, तिचे देणे तिचेच, आणि संचालकाने लेखी वैयक्तिक हमी दिली नसेल तर सर्वसाधारणपणे त्याच्या बंगल्याला आणि गाडीला हात लावता येत नाही. आपण मात्र त्या बंगल्याकडे आणि गाडीकडे पाहूनच उधारी वाढवत नेतो. ओघात सांगायचे तर, आपली स्वतःची भागीदारी पेढी फर्म निबंधकाकडे नोंदलेली आहे ना, हेही तपासून घ्यावे. नोंद नसलेल्या पेढीला करारातून उद्भवलेल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही, असे या कायद्याचे कलम ६९ सांगते. जीएसटीची नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे.

आता पुन्हा त्या ‘ॲक्टिव्ह’ शब्दाकडे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणजे दिवाळीला कुलूप लागलेले दुकान चैत्रापर्यंतही पोर्टलवर ‘ॲक्टिव्ह’ दिसू शकते. ‘सस्पेंडेड’ म्हणजे नोंदणी तात्पुरती स्थगित. त्या काळात त्याला करपात्र पुरवठा करता येत नाही. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द, आणि या शब्दाशेजारची तारीख फार महत्त्वाची, कारण अधिकाऱ्याला मागील तारखेपासूनही नोंदणी रद्द करता येते. अशा माणसाकडून आपण आधी माल घेतला असेल, तर त्या मालावर घेतलेल्या कराच्या वजावटीविषयी आपल्याला नोटीस येण्याचा संभव असतो. म्हणून खरेदीच्या दिवशी पोर्टलवर दिसलेल्या पानाची तारखेसह प्रत काढून बिलासोबत लावून ठेवावी. हे काम दोन मिनिटांचे आहे.

त्याच पानावर खाली विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली याचा तक्ता असतो. माझ्या दृष्टीने साऱ्या पानातला सर्वांत बोलका भाग हाच. जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, जीएसटीआर-३बी म्हणजे कर भरण्याचे विवरण. एखादा व्यापारी पहिले वेळेवर आणि दुसरे दर खेपेस उशिरा भरत असेल, तर त्याच्याकडे रोकड खेळती नाही अशी शंका घेण्यास जागा आहे. आपण त्याच्याकडून माल घेणारे असू, तर हा तक्ता अधिकच जपून वाचावा. विक्रेत्याने कर सरकारजमा केला असेल तरच खरेदीदाराला वजावट मिळते, अशी कायद्याची अट आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तक्त्यात रकमा नसतात, त्यामुळे शून्य उलाढालीचे विवरणपत्रही ‘फाइल्ड’च दिसते. आणि पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय आहे, तेव्हा मधल्या महिन्यांची रिकामी जागा पाहून कोणाला बुडीत ठरवू नये.

‘टॅक्सपेयर टाइप’ या ओळीत ‘कंपोझिशन’ असे लिहिलेले असेल, तर तो व्यापारी एकरकमी योजनेतला आहे. त्याला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येत नाही, आणि त्याच्याकडील खरेदीवर आपल्याला वजावट मिळत नाही. असा विक्रेता बिलात जीएसटी लावून देत असेल, तर ते बिल परत करावे.

समोरचा खरेदीदार कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाचे पोर्टल उघडावे. २००६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेला ‘एमसीए २१’ म्हणतात. आता त्यासाठी एक खाते उघडावे लागते. येथे शोधाची किल्ली म्हणजे सीआयएन, कंपनीचा एकवीस अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक. त्याची सुरुवात ‘एल’ने झाली तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ने झाली तर नोंदलेली नाही. पुढे उद्योगाचे पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरे, आणि मग स्थापनेचे वर्ष. हा क्रमांक बिलावर आणि पत्रावर छापणे कंपनीला बंधनकारक आहे. तो छापलेलाच नसेल तर विचारावे. ‘आमची तीस वर्षांची जुनी कंपनी’ असे सांगणाऱ्याच्या क्रमांकात २०२१ दिसले तर त्याचाही खुलासा मागावा. जुन्या पेढीची कंपनी करून घेतली असेल, तर तो कागद त्याच्याजवळ असतोच.

या पोर्टलवरही ‘ॲक्टिव्ह’ आहे आणि त्याचाही अर्थ तितकाच मर्यादित आहे. ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणजे निबंधकांच्या नोंदवहीतून नाव कमी झालेले. २०१७ मध्ये अशा दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे एका मोहिमेत कमी करण्यात आली, आणि त्यांच्या बँक खात्यांच्या व्यवहारांवर निर्बंध आले. ‘ऑथराइज्ड कॅपिटल’ म्हणजे जास्तीत जास्त किती भांडवल उभारता येईल ती मर्यादा. त्यातून प्रत्यक्षात भागधारकांना दिलेल्या समभागांपोटी आलेले ते ‘पेड-अप कॅपिटल’. माहितीपत्रकात पहिला मोठा आकडा छापला जातो, दुसरा सहसा छापला जात नाही. किमान एक लाख भरणा भांडवलाची अट २०१५ साली काढून टाकण्यात आली, तेव्हा दुसऱ्या रकान्यात अगदी क्षुल्लक रक्कमही आढळू शकते. ताळेबंदाची शेवटची तारीखही पाहावी. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर मधल्या काळात हिशोब का दाखल झाले नाहीत, हे विचारण्याचा उधारी देणाऱ्याला पूर्ण हक्क आहे.

पण खरे थांबायचे ते ‘चार्जेस’ या शब्दापाशी. सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दाखवलेला असतो. ‘चार्ज’ म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरचा तसाच बोजा. कोणत्या बँकेने, किती रकमेसाठी, कोणत्या तारखेला तो निर्माण केला, हे येथे दिसते. बोजा आहे म्हणून कंपनी वाईट ठरत नाही. उलट बँकेने तपासून कर्ज दिले आहे असाही त्याचा अर्थ होतो. मात्र खेळत्या भांडवलाच्या कर्जात गोदामातील माल आणि बाजारातील येणे हेच बहुधा तारण असते. तसे असेल, तर आपण साठ दिवसांच्या उधारीवर पाठवलेले कापड किंवा लोखंड तिच्या गोदामात उतरले की ते त्या बँकेच्या तारणात सामील होते. पुढे कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि अवसायनाची वेळ आली, तर २०१६ च्या संहितेतील कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च, बरोबरीने तारणधारक बँका व कामगार, मग कर्मचारी, बिनतारणी वित्तीय धनको, सरकारी देणी, असा क्रम लागतो, आणि माल पुरवणारा व्यापारी त्यांच्यामागे ‘उरलेली देणी’ या वर्गात उभा राहतो. त्या रांगेच्या शेवटापर्यंत काही उरेल, ही आशा बाळगून धंदा करता येत नाही. शिवाय २०२० पासून ही प्रक्रिया सुरू करण्यासाठी थकबाकी किमान एक कोटीची असावी लागते. दहा-वीस लाख अडकलेल्या आपल्यासारख्याला तो दरवाजा बंदच आहे. अलीकडच्या वर्ष-सहा महिन्यांत एकामागून एक नवे बोजे चढले असतील आणि त्याच सुमारास जुने संचालक बाहेर पडले असतील, तर त्या कंपनीला माल आगाऊ रकमेवरच द्यावा, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीबाबत आपल्या बाजारात एक मोठा गैरसमज आहे. माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे, हे संरक्षण २००६ च्या कायद्यात आहे. अनेक व्यापाऱ्यांनी उद्यम क्रमांक काढला आणि हे संरक्षण आपल्यालाही मिळाले असे धरून चालले. प्रत्यक्षात २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना नोंदणी मिळाली ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. म्हणून प्रमाणपत्रावर ‘मेजर ॲक्टिव्हिटी’पुढे ‘ट्रेडिंग’ आहे की ‘मॅन्युफॅक्चरिंग’, हे पाहिले पाहिजे. उलट आपण लहान कारखानदाराकडून माल घेत असू आणि तो सूक्ष्म किंवा लघु वर्गात नोंदलेला असेल, तर मुदत आपल्याला बांधते. आणि वर्षअखेरीस मुदत उलटून गेलेली रक्कम थकीत राहिली, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात ती त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळत नाही.

खासगी व्यापारी सूचीच्या पोर्टलांवर ‘व्हेरिफाइड’, ‘ट्रस्टेड’ असे शिक्के असतात. त्यांतील पुष्कळसे शुल्क भरणाऱ्या सभासदांना मिळतात, आणि तपासलेला असतो तो बहुधा फोन क्रमांक, पत्ता किंवा जीएसटी क्रमांक. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत वापराच्या अटी असतात; आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, माहितीच्या खरेपणाची हमी देत नाही, असे त्यांत सहसा लिहिलेले असते. एकदा तरी त्या वाचाव्यात.

आपण जसे दुसऱ्याचे पान वाचतो, तसे दुसरा कोणी आपलेही वाचत असतो. गोदाम बदलले तर जीएसटी नोंदणीतील पत्ता पंधरा दिवसांत बदलून घ्यावा लागतो. घरच्या कंपनीचे कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणून कपाटात ठेवले, एवढ्याने पोर्टलवरचा बोजा उतरत नाही. त्यासाठी तीस दिवसांत सीएचजी-४ हा फॉर्म दाखल करावा लागतो; तो राहून गेला, तर कर्ज फेडून झाले तरी आपल्याला नव्याने माल देणाऱ्याला तेथे बँकेचा उघडा बोजाच दिसत राहतो.