पाचू, बुध आणि एम-थ्री

परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर सप्लिमेंट वाटत असतात, तेव्हा आजूबाजूच्या हातांकडे एकदा नीट बघा. करंगळीत हिरव्या खड्याची अंगठी घातलेले एक-दोन जण तरी सापडतीलच. त्यातल्या बहुतेकांची कथा सारखीच असते. सेकंड इयरला एम-थ्री राहिलं, घरच्यांनी पत्रिका दाखवली, "बुध बिघडलाय" असं निदान झालं आणि औषध ठरलं पाचू! मी मूळचा इगतपुरीचा. आमच्याकडे डोंगर फोडला की स्फटिक निघतात, त्यामुळे हिरवा खडा म्हटलं की माझे कान जरा जास्तच टवकारतात. म्हणून म्हटलं, या अंकाच्या निमित्ताने हा विषय मुळापासून बघूया. मित्रांनो, श्रद्धेची टिंगल करणं हा या लेखाचा हेतू नाही. पण आपण इंजिनिअरिंगला आहोत, तर निदान मोजमाप तरी करूया की!

आधी मानतात काय ते समजून घेऊ. ज्योतिषात नऊ ग्रहांना नऊ रत्नं दिलेली आहेत. रवीला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळं, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद आणि केतूला लसण्या. बुध हा बुद्धी, वाणी, गणित आणि व्यापाराचा कारक. मिथुन आणि कन्या या त्याच्या राशी. कन्येत तो उच्चीचा, तर मीनेत नीचीचा. त्यामुळे गणितात गाडी अडली की बोट बुधाकडेच जातं. पाचू बुधवारी घालायचा, बहुधा सोन्यात आणि करंगळीत. अंगठी खालून उघडी ठेवायची, म्हणजे खडा कातडीला लागतो. वजन सव्वापाच, सव्वासात असं 'सव्वा'च्या हिशोबात. बाजारात रत्नांची रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात, म्हणजे सव्वापाच रत्तीचा खडा जेमतेम एक ग्रॅमचा झाला. शिवाय सगळ्यांनाच पाचू चालतो असंही नाही. लग्नरास पाहून काहींना तो वर्ज्य सांगतात.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त रत्नांवर स्वतंत्र अध्याय आहेत. हिरा, मोती, माणिक आणि मरकत म्हणजे पाचू. शुभ लक्षणांचं रत्न राजाला लाभतं आणि अशुभ रत्नाने संकट येतं, असं तोही मानतो. पण त्याचा बराच भर रत्नाची लक्षणं ओळखण्यावर आहे. ग्रहवार रत्नांची यादी 'जातकपारिजाता'सारख्या नंतरच्या ग्रंथात मिळते. गंमत बघा, जुन्या मंडळींनी 'रत्नपरीक्षा' हे एक शास्त्रच मानलं होतं. आपण मात्र ग्रहाची चर्चा तासभर करतो आणि खड्याची पाच मिनिटंही नाही!

म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिला, हा खडा खरोखर पाचू आहे का? दुसरा, खरा पाचू असला तरी त्याने बुध सुधारतो का? घरोघरी भांडणं होतात ती दुसऱ्या प्रश्नावर. पैसे मात्र बुडतात पहिल्यावर.

आता इगतपुरीकडे येतो. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइट कुळातली खनिजं आणि त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट. विहीर खणताना, खाणीत, रस्त्यासाठी डोंगर कापताना हे दगड फुटतात आणि आत अक्षरशः झुंबर लटकलेलं दिसतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा, आपल्या पायाखाली काय दडलंय ते कळेल.

यातलं अपोफिलाइट बहुतेक वेळा पांढरं किंवा काचेसारखं स्वच्छ असतं, पण कधी कधी हिरवंही निघतं. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणीतलं हिरवं अपोफिलाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. हा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. दिसायला इतकं सुंदर की कुणीही फसावं.

मग आपल्या बेसॉल्टमध्ये पाचू का नाही सापडत? पाचू म्हणजे हिरवं बेरिल. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. यातलं बेरिलियम फार दुर्मिळ. ते ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत, विशेषतः पेग्मटाइटमध्ये साठतं. बेसॉल्टमध्ये ते नावापुरतंच असतं. रंगासाठी लागतं क्रोमियम किंवा व्हॅनेडियम, आणि क्रोमियम असतं अगदी वेगळ्या प्रकारच्या खडकांत. ही दोन टोकं एकत्र यावी लागतात, तेव्हा पाचू जन्मतो. आपल्या देशात असा योग राजस्थानात जुळला. १९४३ साली उदयपूर-अजमेर पट्ट्यात पाचू सापडला. बाहेर कोलंबिया आणि झांबिया ही मोठी नावं. मुघल बादशहांचे ते प्रसिद्ध मोठमोठे पाचूसुद्धा बरेचसे कोलंबियातून, समुद्र ओलांडून आलेले! तेव्हा इगतपुरीच्या घाटात "आमच्या डोंगरातला पाचू" असं कुणी म्हणालं, तर भूगर्भशास्त्र साफ नाही म्हणतं.

रंगाबद्दल एक गोष्ट फिजिक्सवाल्यांसाठी. माणिक लाल आणि पाचू हिरवा, पण दोघांनाही रंग देणारं मूलद्रव्य एकच असू शकतं – क्रोमियम. माणकात क्रोमियमभोवतीचे ऑक्सिजन अणू त्याला जास्त आवळून धरतात. बेरिलमध्ये ही पकड जरा सैल असते, त्यामुळे शोषली जाणारी तरंगलांबी सरकते. माणकातून लाल प्रकाश सुटतो, पाचूतून हिरवा. म्हणजे ज्योतिषातली रवी आणि बुध ही दोन टोकं एकाच अणूच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून ठरतात.

असो. आता घरातलाच प्रसंग. माझ्या आतेभावाचं एम-थ्री दोनदा राहिलं. आत्याने पत्रिका दाखवली, पाचू सांगितला गेला. दुकानातल्या किमती ऐकून ती मागे फिरली, तेवढ्यात ओळखीतून एक माणूस भेटला. त्याच्याकडे बोटाच्या पेराएवढा हिरवा स्फटिक होता. "कच्चा पाचू आहे, पैलू तुम्ही पाडून घ्या," म्हणाला. किंमत एकवीस हजार! आत्याची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिने चार दिवसांच्या बोलीवर खडा घरी आणला आणि मला फोन केला, "तुमच्या कॉलेजात बघता येतं का रे?"

स्फटिक हातात घेतल्यावर आधी बाजू मोजल्या. बेरिलचा स्फटिक षट्कोनी असतो, सहा बाजूंच्या पेन्सिलीसारखा. हा चार बाजूंचा निघाला, टोकाला चौकोनी पिरॅमिड. अपोफिलाइट असंच वाढतं. मग आत्याला विचारून तळाच्या कोपऱ्यावर कटरचं पातं फिरवलं, ओरखडा उठला. पातं साधारण साडेपाच कठीणतेचं, अपोफिलाइट साडेचार ते पाच आणि पाचू साडेसात ते आठ. पाचूवर पातं चालतच नाही. (पैलू पाडलेल्या खड्यावर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका.)

शेवटी आर्किमिडीजबुवांना शरण गेलो. लॅबमधला बॅलन्स, दोरा आणि पाण्याचा बीकर. हवेत वजन ४.७२ ग्रॅम, पाण्यात २.७२ ग्रॅम. घट २.०० ग्रॅम, म्हणजे सापेक्ष घनता ४.७२ भागिले २ बरोबर २.३६. पाचूची असते २.७च्या आसपास. तो पाचू असता, तर पाण्यात वजन २.९८च्या जवळपास भरलं असतं. अपोफिलाइटची घनता साधारण २.३५. खेळ खलास! दगड बहुधा आपल्याच भागातल्या एखाद्या खाणीतला होता. सुंदर होता यात शंका नाही, पण पाचू नव्हता.

आत्याला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, खडा कागदात गुंडाळला आणि म्हणाली, "ते झालं रे. पण मग त्याच्यासाठी मी करू काय? मला काही ते गणित शिकवता येत नाही." या वाक्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. अंधश्रद्धा वगैरे शब्द आपण सहज वापरतो. पण आत्याच्या हातात काहीच नव्हतं आणि खडा विकत घेणं हे 'काहीतरी' होतं. शेवटी असं ठरलं, की खडा परत करायचा, भिशीतले थोडे पैसे क्लासला आणि दर रविवारी मी त्याच्यासोबत बसायचं. लाप्लास ट्रान्सफॉर्मपासून सुरुवात केली. पुढच्या खेपेला एम-थ्री निघालं.

थांबा, टाळ्या वाजवू नका! तो पाचूशिवाय पास झाला म्हणून पाचू निरुपयोगी, असं सिद्ध होत नाही. आणि तुमचा रूम पार्टनर पाचू घालून पास झाला म्हणून पाचू गुणकारी, असंही नाही. एका रीडिंगवर ग्राफ काढला तर मॅडम जर्नल परत करतात ना? तसंच हे. रीडिंग्ज भरपूर हवीत आणि घेणाऱ्याला उत्तर आधी माहीत नको.

असा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका तयार होत्या. त्यातल्या चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि त्याने फक्त सांगायचं, मूल कुठल्या गटातलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. चाळीसपैकी सर्वाधिक बरोबर उत्तरं २४ आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर आल्या. नाणं उडवूनही इतकंच जमतं. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. इथे पाचूची परीक्षा झाली नाही, हे मान्य. पण पत्रिकेवरून बुद्धीच ओळखता येत नसेल, तर "तुझा बुध बिघडलाय" हे निदानच डळमळतं. आणि निदान चुकलं तर औषध बरोबर कसं?

"खडा ग्रहाचे किरण खेचतो" असंही सांगतात. बुधाला स्वतःचा प्रकाश नाही; तो सूर्याचाच प्रकाश परावर्तित करतो. हिरव्या रंगाचं म्हणाल, तर २०११ ते २०१५ या काळात 'मेसेंजर' यान बुधाभोवती फिरत होतं. त्याने पाठवलेल्या फोटोंत बुध आहे करड्या मातकट रंगाचा, खड्ड्यांनी भरलेला. कसाऱ्याच्या बाजूने उन्हाळ्यात दिसणाऱ्या कातळासारखा!

एवढं वाचूनही घरी पाचू घ्यायचाच असं ठरलं, तर भांडू नका. एवढं मात्र करा. खडा अंगठीत बसवण्याआधी सुटा तपासून घ्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या ठिकाणी तपासणी होते. घनतेच्या प्रयोगाने साधी काच बहुतेक वेळा पकडली जाते, पण प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू पकडला जात नाही, कारण रसायन तेच आणि घनताही जवळपास तीच. तिथे मायक्रोस्कोप लागतो. नैसर्गिक पाचूत बारीक रेषा आणि जाळं जवळजवळ असतंच. तेव्हा अगदी निर्मळ, गडद आणि तरीही स्वस्त खडा दिसला तर सावध व्हा. या चिरा झाकायला पाचूत तेल किंवा राळ भरतात, तेही रिपोर्टमध्ये लिहून मागा. पक्कं बिल घ्या. आणि सेमिस्टरची फी भरायची असेल, तर आधी ती भरा.

खडा परीक्षेला बसत नाही, आपण बसतो. एम-थ्रीची जुनी पेपर सेट लायब्ररीत आहेत. झेरॉक्स काढायला फार पैसे लागत नाहीत आणि त्यासाठी बुधवारचीही वाट बघावी लागत नाही.