परत येणाऱ्या मुलाचे कागद

दिवाळीच्या तोंडावर अमेरिकेतून भाचीचा फोन आला. "मावशी, सिंधुताईंचा आश्रम तुमच्या मांजरीतच आहे ना? तिथून आम्हाला मूल मिळेल का गं?" लग्नाला अकरा वर्षं झालेली, नवराबायको दोघंही आता अमेरिकेचे नागरिक. मी म्हटलं, "तिथून असं मिळत नाही." ती एकदम गप्प झाली. मावशीला आपला विचारच पसंत नाही, असं तिला वाटलं असणार. त्या रात्री तासभर बोललो आणि मग पुढचे काही आठवडे मी जुनी कात्रणं, निकाल आणि नियमावल्या घेऊन बसले. या विषयावर मी पूर्वी तुटक तुटक लिहिलं होतं, पण सलग मागे वळून पाहिलं नव्हतं.

सन्मती बाल निकेतन मांजरीत आहे, हे खरं. सिंधुताईंनी, आमच्या माईंनी, हजारावर लेकरं दत्तक घेतली, असं आमच्याकडे सहज बोललं जातं. ४ जानेवारी २०२२ला माई गेल्या तेव्हा चहाच्या टपरीवरही माणसं हेच वाक्य बोलत होती. मायेच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण सांभाळणं आणि दत्तक घेणं यांत कायदा फरक करतो. सांभाळलेल्या मुलाचं जन्माचं नातं शाबूत असतं. कुणाची आई आजारी असते, कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणाची आजी सणाला भेटून जाते. दत्तकविधानानं ते नातं कायमचं सुटतं आणि दुसरं कायमचं जुळतं. म्हणून बालगृहातलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. ज्याला देता येतं त्याचंही काम मान्यताप्राप्त विशेष दत्तक संस्थेकडेच असतं. पुण्यात अशी नावं म्हणजे ससून रुग्णालयाशी जोडलेल्या सोफोश या संस्थेचं 'श्रीवत्स' आणि भारतीय समाज सेवा केंद्र.

श्रीवत्स म्हटलं की मला १९७९ साल आठवतं. त्या वर्षी १३ ऑगस्टला पुण्यात एक मुलगी जन्मली. श्रीवत्समध्ये तिचं नाव लैला ठेवलं होतं. तीन आठवड्यांची असताना हरेन आणि स्यू स्थळेकर या जोडप्यानं तिला दत्तक घेतलं. पुढे अमेरिका, केनिया आणि शेवटी सिडनी असा प्रवास करत ती लिसा स्थळेकर झाली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी मजल मारणारी ती पहिली महिला. २०१३च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वचषक जिंकून ती निवृत्त झाली. त्याच्या आदल्या वर्षी ती श्रीवत्समध्ये येऊन गेली होती. तिच्याबद्दल लिहिणारे सगळे नशिबाच्या खेळावर लिहितात. मला मात्र ती परत आली हे महत्त्वाचं वाटतं. दूर गेलेलं मूल परत येतं. आपण निघालो तो दरवाजा त्याला एकदा तरी बघायचा असतो.

आणि परत आलेल्याला आपण काय दाखवणार? कागदच. तान्ह्या मुलाला स्वतःची आठवण नसते. त्याच्या वतीनं आठवण ठेवते ती फाईल. गेल्या पंचेचाळीस वर्षांतले नियम मी याच नजरेनं वाचले. ती फाईल कुणासाठी तयार होत होती?

सुरुवातीला ती मुलासाठी नव्हतीच. आपल्याकडे दत्तक म्हणजे गादी. १८७५मध्ये कवळाण्याच्या गोपाळरावांना बडोद्यानं घेतलं, १८८४मध्ये कागलच्या यशवंतरावांना कोल्हापूरनं. एक सयाजीराव झाले, दुसरे शाहू महाराज. वारस हवा, तो मुलगाच हवा आणि शक्यतो भाऊबंदांतला हवा. याला छेद दिला तो पुण्यातच. १८७४मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. १८८७च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याच्या जन्माची हकीकत लपवली नाही, लिहून ठेवली. हाच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगात त्यानं हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाईंनी प्लेगची गाठ आलेलं पोर तिथे आणलं ते मुंढव्याहून, आमच्या शेजारच्या गावातून. त्यातच त्या गेल्या. माझ्या लेखी दत्तक मुलाचा पहिला प्रामाणिक कागद म्हणजे ते मृत्युपत्र.

१९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलींनाही दत्तक घेता येऊ लागलं. पण तो फक्त हिंदूंपुरता. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचं विधेयक १९७२मध्ये आलं, १९८०मध्ये पुन्हा आलं, दोन्ही वेळा बारगळलं. त्यामुळे परदेशी जोडप्याला १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून मुलाचं पालकत्व घ्यावं लागे आणि मुलाला देशाबाहेर नेण्याची परवानगी मागावी लागे. खरं दत्तकविधान तिकडे, त्यांच्या देशात. म्हणजे विमानात बसताना त्या मुलाला आई नसे, फक्त पालक असे. मधल्या मधे काही बिनसलं तर ते ना इथलं ना तिथलं.

१९८२मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली गैरप्रकार चालतात, नेलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते कुणी पाहत नाही, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती भगवतींनी त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि ६ फेब्रुवारी १९८४ला निकाल दिला. तो निकाल मी पुन्हा वाचला तेव्हा थक्क झाले. संसदेला जे जमलं नव्हतं ते न्यायालयानं कलमवार बांधून दिलं होतं. परदेशी जोडप्यानं थेट येऊन मूल मागायचं नाही, त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायचं. घर, उत्पन्न, आरोग्य, संसार यांचा तिथल्या समाजसेविकेनं केलेला अहवाल सोबत हवा. आधी भारतीय घर शोधायचं. न्यायालयाला मदत म्हणून त्रयस्थ संस्थेनं कागद तपासायचे. आणि बाळ जन्माला येण्याआधी आईकडून काहीही लिहून घ्यायचं नाही, जन्मानंतरचे तीन महिने तरी तिला विचाराला द्यायचे.

हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. या सबंध व्यवहारात जिचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता, त्या बाईला पहिल्यांदा मुदत मिळाली. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी, घरच्यांच्या धाकात केलेली सही म्हणजे संमती नव्हे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनानं मान्य केलं.

पुढची दोन दशकं चौकट उभारण्यात गेली. १९९०मध्ये केंद्राची दत्तकविषयक यंत्रणा 'कारा' आली, १९९३मध्ये हेगचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २००३मध्ये भारतानं तो मंजूर केला. मूल दोन देशांच्या सरकारांच्या हातातून जावं, मधल्या दलालाच्या नव्हे, हे त्याचं सार. २०००च्या बाल न्याय कायद्यानं आणि त्याच्या २००६च्या दुरुस्तीनं धर्माचा अडसरही दूर झाला.

आणि तरीही प्रीत मंदिर घडलं. पुणेकर म्हणून हा भाग लिहिताना आजही हात जड होतो. पुण्यातल्या या संस्थेबद्दल २००६मध्ये दूरचित्रवाणीवर छुपं चित्रण दाखवलं गेलं. मुलासाठी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मागितले जातात, असा आरोप होता. गरीब आईबापांना नीट न सांगताच त्यांची मुलं काढून घेतल्याच्या तक्रारी आल्या. सामाजिक संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तपास सीबीआयकडे गेला, २०१०मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि संस्थेचं दत्तकाचं काम थांबलं. सह्या, अंगठे, शिक्के कागदावर होते. १९८४ची कलमंही पाळल्यासारखी दिसत होती. फाईल होती, पण ती मुलाच्या बाजूची नव्हती.

आज जे नियम जाचक वाटतात, त्यांतले बरेचसे या जखमेवर बांधलेले आहेत. २०११पासून 'केअरिंग्ज' ही संगणकीय नोंदणी आली आणि पुढे कुठलं मूल कुणाला दाखवायचं हे संस्थेच्या व्यवस्थापकाच्या हातून निघून देशभरच्या यादीवर गेलं. देणगी या लवचिक शब्दाच्या जागी ठरलेली रक्कम आली. २०१७च्या नियमावलीत परदेशी कुटुंबासाठी ती ५,००० डॉलर होती. २०१५च्या कायद्यानं कायद्याबाहेर मूल देणं-घेणं गुन्हा ठरवला आणि मुलाची विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला.

भाचीला मी हे टप्पे सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "एवढे दिवस का लागतात?" मग एकेक दिवस कुणाचा आहे ते सांगत गेले. टाकलेलं मूल सापडलं की चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं. मग आईबापांचा शोध. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तक देण्यासाठी कायद्यानं मोकळं आहे की नाही हे ठरतं. हे दिवस हरवलेल्या मुलाच्या आईचे. आईनं स्वतः समितीसमोर मूल सोपवलं असेल तर तिच्या फेरविचाराला दोन महिने. ते दिवसही तिचेच. त्यानंतरचे साठ दिवस देशातल्या आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांचे. ते संपले की मूल परदेशी कुटुंबांसाठी खुलं होतं आणि तिथेही भाचीसारख्या मूळ भारतीयांना आधी विचारलं जातं. भावंडं, पाच वर्षांवरची मुलं आणि अपंगत्व असलेली मुलं यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येतं. कारण सरळ आहे आणि दुखरंही आहे: आपल्याकडे बहुतेकांना तान्हं, निरोगी मूल हवं असतं.

तिच्या बाजूनं तिच्या शहरातल्या मान्यताप्राप्त संस्थेचा गृहअभ्यास, अमेरिकेच्या स्थलांतर खात्याची आधीच मंजुरी, मग नोंदणी. मूल सुचवलं गेलं की त्याचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी वाचून होकार. काराचं ना-हरकत, दत्तकाचा आदेश, हेग करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. घरी नेल्यावर दोन वर्षं पाहणी, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला. आणि मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याची स्वतःची संमती. "तो नाही म्हणाला तर?" तिनं विचारलं. तर नाही.

आदेश कुणी द्यायचा, हेही बदललं. २०२१च्या दुरुस्तीनं, १ सप्टेंबर २०२२पासून, तो अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. जुन्या प्रकरणांचं काय, यावर घोळ झाला. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महाराष्ट्रातली प्रलंबित प्रकरणं हलवू नका, असं सांगितलं, तेव्हा वाट पाहणाऱ्या अनेक घरांचा जीव भांड्यात पडला. हेतू वेग वाढवण्याचा होता. पण दुष्काळ, निवडणुका आणि भूसंपादन यांच्या ढिगाऱ्यात एका बाळाची फाईल कुठल्या थरात जाते, ही माझी काळजी अजून गेलेली नाही.

उलट्या दिशेची वाट तर आणखी अरुंद. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक भारतीय जोडपं होतं. नात्यातलं मूल, जन्मानं अमेरिकन नागरिक, काही महिन्यांचं असल्यापासून यांच्याकडे वाढलेलं. त्यांना ते इथे दत्तक घ्यायचं होतं. न्यायालयानं सांगितलं की आपला बाल न्याय कायदा अनाथ, सोडलेल्या किंवा संकटातल्या मुलांसाठी आहे. हे मूल तसं नाही. आधी अमेरिकेच्या कायद्यानं दत्तक घ्या, मग भारतात आणण्याची प्रक्रिया करा. परदेशी मूल दत्तक घेणं हा भारतीयाचा मूलभूत हक्क नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल चुकीचा म्हणता येत नाही. पण नातेवाइकांच्या मांडीवर वाढलेल्या अशा पोरासाठी आपल्या कायद्यात एक ओळही नसावी, याचं वाईट वाटतं.

जगभरात मात्र हा दरवाजाच हळूहळू लोटला जातो आहे. २०२४मध्ये चीननं परदेशी दत्तक बंद केलं, नेदरलँड्सनं टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं. नेदरलँड्समध्ये तर जुन्या फायलींत बनावट कागद सापडले होते. भारतातही २०१८-१९मध्ये ६५३ मुलं परदेशी घरांत गेली होती. २०२४-२५मध्ये एकूण ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशातच झाले. देशातली घरं उघडली, हे चांगलंच. पण जी भावंडं किंवा जे दृष्टिहीन मूल इथे कुणी मागत नाही, त्याच्यासाठी परदेशातलं घर बंद करणं मला न्यायाचं वाटत नाही. दुरुस्त करावी ती फाईल.

कारण परत येणाऱ्यांची रांग वाढतेच आहे. पुण्यातून जर्मनीत गेलेले अरुण डोले मोठे झाल्यावर आपल्या आईचा शोध घेत इथे आले आणि स्वतःचेच कागद मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. आता नियमावलीत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांनंतर स्वतः अर्ज करता येतो. आईनं ओळख उघड करायला नकार दिलेला असेल तर तिची गुप्तता राखली जाते. दोन्ही माणसांची दुखणी खरी आहेत. पण निदान मूल कुठे, कधी, कुठल्या कपड्यांत सापडलं, पहिले महिने कुणी सांभाळलं, एवढं तरी फाईलमध्ये असायला कुणाची हरकत आहे?

भाचीनं फेब्रुवारीत नोंदणी केली. आधी ती दोन वर्षांच्या आतलं मूल म्हणत होती. गृहअभ्यासाच्या तिसऱ्या भेटीनंतर दोघांनी ठरवलं, भावंडं चालतील, वय सहा-सातपर्यंत. परवा पुन्हा फोन आला. "मावशी, एवढं मोठं मूल म्हणजे त्याला आधीचं बरंच आठवत असेल. तिथल्या मावश्या, तिथलं जेवण, कदाचित आईसुद्धा. ते विसरू द्यायचं की विचारायचं?"

मी म्हटलं, "विचार. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. त्याची भाषा ओडिया निघाली तर ओडिया येणारं माणूस शोध."

"आणि इकडे आल्यावर तो विसरला तर?"

"म्हणून तर लिहायचं. तारीख घालून."