जाळ कोण सांभाळणार?

मे महिना लागला की अमेरिकेतल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांच्या दारात ग्रिल आणि स्मोकर ओळीने येऊन उभे राहतात. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, मग चार जुलै, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. हा इथला परसात रांधायचा हंगाम. टेक्सासात राहायला आल्यापासून मी पाहते आहे, नवं घर घेतलेलं मराठी जोडपं पहिल्याच उन्हाळ्यात जाऊन सगळ्यात चकचकीत, सगळ्यात जास्त बर्नरांचं यंत्र घेऊन येतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यावरचं कव्हर निघत नाही. यंत्र वाईट नसतं. आपल्या घरात जाळ कोण सांभाळणार आणि किती वेळ, एवढं मात्र घेताना कुणी विचारलेलं नसतं.

ग्रिलमध्ये पदार्थ धगीच्या थेट वर असतो. जाळी चांगली तापलेली, काम मिनिटांचं: कणसं, पनीर, कोलंबी, सुरमईचे तुकडे. स्मोकरमध्ये जाळ बाजूला असतो आणि पदार्थाला लागते ती गरम हवा आणि धूर. तापमान २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअस, आणि काम तासांचं. इतका वेळ कशाला, तर जनावराच्या ज्या भागाला खूप चालावं, वजन पेलावं लागतं, तिथल्या मांसात कोलॅजेनचे चिवट धागे असतात. ते मंद आचेवर हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं, तेव्हा कुठे तुकडा बोटाने सुटतो. टेक्सासचं ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचा भाग. आपल्या बऱ्याच घरांत तो येत नाही. पण बोकडाच्या किंवा मेंढीच्या खांद्याला हाच नियम लागू. फक्त बोकडाला चरबी कमी, म्हणून अर्ध्या वाटेवर तो फॉइलमध्ये गुंडाळावा, नाहीतर कोरडा पडतो.

या मंद शिजण्यात नवख्याला घाबरवणारी एक जागा येते. मांसाच्या आतलं तापमान १५०-१६० फॅरनहाइटच्या आसपास चढतं आणि तिथेच अडतं, कधी कधी कित्येक तास. आच कमी पडली असं वाटून माणसं जाळ वाढवतात. खरं तर पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि माठातलं पाणी गार राहावं तसं ते मांसाला गार ठेवत असतं. धीर धरावा किंवा गुंडाळावं, काटा पुन्हा हलतो.

एकच यंत्र घ्यायचं असेल तर मी बिनदिक्कत केटल सांगते. १९५२ साली शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करत होता. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये बनत. वाऱ्यापावसात उघड्या शेगडीवर रांधून वैतागलेल्या स्टीफनने त्या गोलाचे दोन भाग केले, खालच्याला पाय जोडले, वरच्याचं झाकण केलं. आजही आकार तोच आहे. बावीस इंची केटल चौघांच्या घराला आणि आठ-दहा पाहुण्यांना पुरते, किंमत साधारण दोनशे डॉलरच्या आसपास.

तिचं सगळं मर्म तळाच्या आणि झाकणावरच्या हवेच्या भोकांत आहे. कोळसा जळतो तो मिळेल तेवढ्या हवेवर. दोन्ही भोकं उघडी ठेवली तर धग वाढते, तळाची भोकं चिमटीएवढी ठेवली तर तीच केटल स्मोकर होते. कोळसे एका बाजूला लोटावेत. त्यांच्यावर टोचे मारलेलं वांगं ठेवावं, रिकाम्या बाजूला कोंबडीच्या तंगड्या, आणि झाकण असं फिरवावं की त्याची भोकं तंगड्यांवर येतील. धूर निखाऱ्यांकडून निघतो आणि तंगड्यांवरून जाऊनच बाहेर पडतो. वांग्याची साल काळी पडून फुटते, देठाशी रस उकळतो, तोवर पलीकडे तंगड्यांना तांबूस रंग चढू लागतो. इथल्या कितीतरी अपार्टमेंटांत विजेच्या शेगड्या. त्यावर वांगं भाजलं जात नाही, नुसतं शिजतं. खानदेशात तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजतात, त्या चवीच्या जवळ जाणारं भरीत मला अमेरिकेत केटलवरच मिळालं. शाकाहारी पाहुणे येत असतील तर दुसरी जाळी विकत घेऊन वेगळी ठेवावी. खर्च किरकोळ, आणि त्यांना निःशंक जेवता येतं.

कोळसा दोन प्रकारचा. साच्यातल्या वड्यांना ब्रिकेट म्हणतात. १९२०च्या दशकात हेन्री फोर्डने मिशिगनमध्ये मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांपासून आणि भुशापासून त्या बनवायला सुरुवात केली. आजचा किंग्सफोर्ड हा ब्रँड तिथूनच आला. ब्रिकेट एकसारखी, सावकाश जळते. लाकडाचा खडा कोळसा लवकर आणि जास्त तापतो, राख कमी करतो, पण एक तुकडा मुठीएवढा तर दुसरा सुपारीएवढा निघतो. पेटवायला रॉकेलसारखं द्रव ओतू नये, त्याचा वास जेवणाला लागतो. चिमणी नावाचा पत्र्याचा उभा डबा मिळतो. खाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढरी राख धरते.

ऑफसेट स्मोकर म्हणजे आडवं पिंप आणि त्याच्या कडेला जाळाची पेटी. मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक लोकांच्या खाटीकखान्यांतून मांस धुरावण्याची जी रीत वाढली, तिचं हे यंत्र. ऑस्टिनच्या अ‍ॅरन फ्रँकलिनने २००९ साली एका ट्रेलरमधून सुरुवात केली आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्याच्या ब्रिस्केटसाठी लोक सकाळपासून रांगेत उभे असतात. इथे इंधन कोळसा नव्हे, लाकूड. बहुधा पोस्ट ओक. तास-पाऊण तासाने नवी फाळ घालावी लागते, म्हणजे दिवस त्या पेटीशेजारी जातो. ज्याला हे बसणं आवडतं त्यानेच घ्यावा, आणि स्वस्तातला मुळीच घेऊ नये. पातळ पत्रा उष्णता धरत नाही, झाकणाच्या फटीतून धूर निसटतो आणि लाकूड दुप्पट लागतं. दुकानात झाकण उघडून सोडून पाहा: पत्रा खणखणत आदळला तर पुढे जा. पाव इंच जाडीचं पोलाद असेल तर पिढीभर टिकेल.

कमाडो जपानी मातीच्या चुलीवरून आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ते इकडे आणलं, आणि १९७४ साली अटलांटात एड फिशरने बिग ग्रीन एग सुरू केलं. जाड चिनी मातीच्या भिंती तंदूरसारखी उष्णता धरतात, त्यामुळे मूठभर हवेवर आणि एका भरणीच्या कोळशावर रात्रभर चालतं, बर्फातही. नान आणि पिझ्झाही सुरेख होतात. पण एकदा जास्त तापलं की लवकर उतरत नाही, आणि मोठ्या आकाराचं वजन सत्तर किलोच्या पुढे. हवा कोंडून ठेवल्यावर झाकण एकदम उघडू नये. आधी बोटभर उचलून आत हवा जाऊ द्यावी, नाहीतर ज्वाळा तोंडावर येते.

दोघंही नोकरीवाले असाल आणि तरी धुराची चव हवी असेल तर पेलेट ग्रिल घ्या. ऑरेगनमधल्या जो ट्रेगरने १९८०च्या दशकात ते बाजारात आणलं. भुसा दाबून केलेल्या गोळ्या विजेवर फिरणारा स्क्रू जाळात सोडतो, पंखा हवा देतो, तापमान यंत्र सांभाळतं. धूर सौम्य, आणि वीज गेली की काम थांबलं. गोळ्या कोरड्या ठेवाव्या. ओल लागली तर फुगून पुन्हा भुसा होतात.

गॅस ग्रिलला मी कमी लेखत नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला घरी येऊन सातला मुलांना जेवायला घालायचं असेल तर तोच कामाचा. बर्नर दोनहून कमी नको, म्हणजे एक बंद ठेवून बाजूची आच मिळते. अपार्टमेंटच्या बाल्कनीसाठी मात्र काही घेण्याआधी भाडेकरार वाचा. बहुतेक ठिकाणी कोळशाला आणि मोठ्या सिलिंडरला मनाई असते, विजेचं ग्रिल तेवढं चालतं.

धूर दाट पांढरा आला की आनंदून जाऊ नये, तो कडवट असतो. लाकूड नीट पेटल्यावर जो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर येतो तो चवीचा. धुरासाठी कोळशावर टाकायच्या लाकडाच्या ढलप्या भिजवण्यात काही हशील नाही, आधी पाणी उडण्यात वेळ जातो एवढंच. हिकरीचा धूर जोरकस, सफरचंद आणि चेरीचा हलका. कोंबडीला आणि पनीरला मी सफरचंदच वापरते. पाइनसारखं राळेचं किंवा रसायन मारलेलं इमारती लाकूड कधीही जाळू नये.

उरलेल्या पैशांतून मांसात खुपसायचा चांगला थर्मामीटर आधी घ्या. झाकणावरचा काटा घुमटातलं तापमान सांगतो, जाळीवरचं नाही. कोंबडी आत १६५ फॅरनहाइट झाल्याशिवाय ताटात जाऊ नये. तंगडी १७५-१८० पर्यंत नेली तर जास्त मऊ होते. पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, कधी आत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आणि विझलेली दिसणारी राख दुसऱ्या दिवशीही आत जिवंत असू शकते. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून, लाकडी डेकपासून लांब, दोन दिवस तशीच राहू द्यावी आणि मगच कचऱ्यात टाकावी.