घरातील झाडे आणि विजेचा प्रकाश

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील जुहू हा भाग समुद्रकिनारा, नारळाची झाडे आणि मोकळी हवा यांसाठी प्रसिद्ध आहे. १९२८ साली येथे सुरू झालेल्या विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या आणि शहराच्या अन्य भागांच्या मानाने येथील आकाश थोडेफार मोकळे राहिले. तथापि, किनाऱ्यापासून थोडे आत गेले की येथेही इमारतीला इमारत लागून उभी असल्याचे दिसते. खालच्या मजल्यांवरील सदनिकांत ऊन क्वचितच पोहोचते. सज्जे काचेने बंदिस्त केले जातात, आणि मग खिडकीतली तुळस एका पावसाळ्यात निस्तेज होऊन दुसऱ्या पावसाळ्यात मरते. गेल्या काही वर्षांत यावर उपाय म्हणून एल. ई. डी. दिव्यांचा वापर वाढत आहे. बाजारात या दिव्यांची जाहिरातही पुष्कळ होते. म्हणून त्यामागील शास्त्र कोणते, खर्च किती आणि कोणत्या झाडाला त्याचा खरोखर उपयोग होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रकाशाची दोन कार्ये

वनस्पतीच्या जीवनात प्रकाश दोन वेगवेगळी कामे करतो. पहिले काम अन्ननिर्मितीचे. पानातील हरितद्रव्य प्रकाशाच्या साह्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून शर्करा तयार करते. या कामासाठी प्रकाशाची मात्रा मोठी लागते. दुसरे काम संकेताचे. दिवस किती लांब आणि रात्र किती लांब, यावरून अनेक वनस्पती फुलण्याची वेळ ठरवतात. अमेरिकेतील गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूच्या एका वाणावरील प्रयोगांतून हे प्रथम स्पष्ट केले. या दुसऱ्या कामाला मात्र अगदी मंद प्रकाशही पुरतो. घरातील झाडासाठी दिवा लावताना आपण बहुधा पहिल्या कामाचा विचार करीत असतो, आणि तेथेच पुष्कळांचा अंदाज चुकतो.

डोळ्यांचा उजेड आणि पानांचा उजेड

आपल्या डोळ्यांना जी खोली लख्ख वाटते, ती झाडाच्या दृष्टीने काळोखी असू शकते. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. खिडकीपासून थोड्या अंतरावर ती एक ते दोन हजारांवर येते आणि रात्री दिवा लावलेल्या दिवाणखान्यात ती शंभर ते तीनशे लक्स इतकीच असते. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होऊन आणि दृष्टिपटल जुळवून घेऊन हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवू देत नाही. पानाला मात्र अशी सोय नाही. त्याला जितका प्रकाश मिळेल, तितकेच अन्न ते तयार करते.

शिवाय लक्स हे माप मानवी डोळ्यासाठी ठरविलेले आहे. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्यात निळा आणि तांबडा हे भाग विशेष परिणामकारक असतात. हिरवा प्रकाश पाने काही अंशी परावर्तित करतात, म्हणून ती आपल्याला हिरवी दिसतात. पण हिरवा प्रकाश निरुपयोगी असतो, हा समज बरोबर नाही. तो पानात खोलवर शिरतो आणि त्याचाही अन्ननिर्मितीला हातभार लागतो. शास्त्रज्ञ मॅक्री यांनी १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून हे दाखविले.

एल. ई. डी. ने काय साधले

तांबडा प्रकाश देणारा एल. ई. डी. १९६२ साली तयार झाला. निळ्या प्रकाशाला मात्र पुढे तीन दशके लागली. कार्यक्षम निळा एल. ई. डी. विकसित केल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी दिसणारा पांढरा दिवा हा बहुधा निळा एल. ई. डी. आणि त्यावरील पिवळसर फॉस्फरचा लेप यांचा संयोग असतो. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली असे छत्तीस कोटींहून अधिक दिवे वितरित झाले आणि हे तंत्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

जुना तारेचा दिवा विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवीत असे. त्याच्या जवळ झाड ठेवले तर पाने करपत आणि दूर ठेवले तर प्रकाश पुरत नसे. एल. ई. डी. दिव्याच्या प्रकाशझोतात उष्णता फार कमी असल्याने तो झाडापासून वीतभर अंतरावरही टांगता येतो. झाडांच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण होय.

बाजारात जांभळट-गुलाबी प्रकाशाचे दिवे ‘खास झाडांसाठी’ म्हणून विकले जातात. त्यांत तांबडे व निळे एल. ई. डी. असतात आणि ते निकामी नसतात. परंतु घरात त्यांचा रंग डोळ्यांना त्रासदायक होतो आणि पानांवरील कीड अथवा पिवळेपणा त्या प्रकाशात नीट ओळखता येत नाही. घरगुती वापरासाठी चांगल्या प्रतीचा साधा पांढरा दिवा पुरेसा आहे.

किती प्रकाश, किती खर्च

एक साधे उदाहरण घेऊ. ९ वॅटचा पांढरा दिवा सुमारे ९०० ल्यूमेन प्रकाश देतो. वर परावर्तक टोपी लावून तो एक फूट लांब व एक फूट रुंद जागेवर रोखला आणि त्यातील निम्मा प्रकाश पानांवर पडला असे धरले, तर तेथे सुमारे पाच हजार लक्स तीव्रता मिळते. रोज १४ तास एवढा प्रकाश मिळाल्यास मनीप्लँट, सिंगोनियम, नागफणीसारखी पाने असलेले सान्सेव्हेरिया ही सावलीत तगणारी झाडे चांगली वाढतात. यासाठी महिन्याला चार युनिटांहून कमी वीज लागते.

तुळस, ओवा, पुदिना, कढीलिंब यांचे गणित निराळे आहे. त्यांना याच्या तिपटीइतका प्रकाश हवा. सुमारे सव्वा फूट लांब-रुंद जागेसाठी ३० वॅटचा चांगला दिवा रोज १४ तास लावावा लागतो आणि त्यासाठी महिन्याला बारा ते तेरा युनिटे वीज खर्च होते. युनिटाचा दर दहा रुपये धरल्यास हा खर्च सव्वाशे रुपयांच्या आसपास जातो. टोमॅटो, मिरची, वांगी यांना याहूनही पुष्कळ अधिक प्रकाश लागतो. ती केवळ दिव्यावर घरात पिकविणे परवडणारे नाही. मेथी किंवा मोहरीची कोवळी रोपे मात्र आठ-दहा दिवसांत कापणीस येतात व थोड्या प्रकाशातही साधतात. दिव्याखालची भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडेल, अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.

दिव्याचे अंतर हा कळीचा मुद्दा आहे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. छताला लावलेला कितीही महाग दिवा जमिनीवरील कुंडीला उपयोगी पडत नाही, तो यामुळेच. रोपांची खोडे लांबट व बारीक होऊन ती दिव्याकडे झुकू लागली तर प्रकाश कमी पडतो असे समजावे आणि वरची पाने फिकट पडून कडांना करपू लागली तर दिवा वर उचलावा. दिवा चोवीस तास चालू ठेवणे हितावह नाही. आठ-दहा तासांची रात्र झाडालाही मिळाली पाहिजे.

आधी खिडकी, मग दिवा

विजेकडे वळण्यापूर्वी सूर्याचा हिशेब करावा. जुहू हे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतील झाडाला दिव्याची गरज बहुधा पडत नाही. खरी अडचण जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांची. वर्षभर दिवा जाळण्याऐवजी तो या चार महिन्यांत पूरक म्हणून सकाळ-संध्याकाळ लावला, तर खर्च पुष्कळ वाचतो.

याच महिन्यांत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कमी प्रकाशात झाड पाणी कमी शोषते. उन्हाळ्याच्या प्रमाणात पाणी घातले तर मुळे कुजतात, आणि दोष मात्र दिव्यावर जातो. तसेच कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते. ती बशी किमान आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी.

समुद्राजवळच्या दमट व खारट हवेत दिव्याचे धातूचे भाग लवकर गंजतात. म्हणून सज्जात लावण्याचा दिवा पाण्यापासून संरक्षित बनावटीचा असावा, त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहून घ्यावे आणि झाडाला पाणी घालताना तो बंद करावा. निकामी दिवा घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

शेतापर्यंत पोहोचणारा उजेड

प्रकाशाचे दुसरे कार्य, म्हणजे संकेताचे, घरापेक्षा शेतात अधिक महत्त्वाचे ठरते. शेवंती ही रात्र लांबली की फुलणारी वनस्पती आहे. हरितगृहातील उत्पादक रोपे पुरेशी वाढेपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून तिचे फुलणे लांबवितात, आणि नंतर काळ्या कापडाने रात्र लांबवून हव्या त्या वेळी फुले घेतात. ड्रॅगन फळाचे याच्या उलट आहे. ते मोठ्या दिवसांत फुलते. म्हणून हिवाळ्यात रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेण्याची पद्धत रूढ होत आहे.

याच नियमाची दुसरी बाजू ग्रामपंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. सोयाबीन हेही लांब रात्रीची अपेक्षा ठेवणारे पीक आहे. रस्त्यावरील दिव्याचा झोत रात्रभर शेतात पडत राहिला, तर तेवढ्या पट्ट्यातील सोयाबीन हिरवेच राहते, त्याला शेंगा उशिरा लागतात आणि बाकीचे पीक काढणीस आले तरी ते पक्व होत नाही. ज्या शेतकऱ्याचे शेत रस्त्याकडेला आहे, त्याचे हे प्रत्यक्ष नुकसान असते आणि त्याचे कारण पुष्कळदा रोगात किंवा बियाण्यात शोधले जाते. गावात नवे एल. ई. डी. पथदिवे बसविताना त्यांचा झोत खाली रस्त्यावर राहील, शेताच्या बाजूस आडोसा असेल, एवढी काळजी घेतली तर रस्ताही उजळेल आणि पीकही वाचेल.

शाळांसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. मेथी पेरलेल्या तीन सारख्या कुंड्या अंधाऱ्या खोलीत ९ वॅटच्या तीन स्वतंत्र दिव्यांखाली १५, ३० आणि ६० सेंटिमीटर अंतरावर ठेवाव्यात. एका दिव्याचा उजेड दुसऱ्या कुंडीवर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठे उभे करावेत. पाणी तिन्हींना सारखे द्यावे आणि रोपांची उंची, पानांचा रंग व खोडाची जाडी दोन आठवडे नोंदवावी. सर्वांत दूरच्या कुंडीतील रोपे बहुधा सर्वांत उंच होतील, पण ती उंची बळाची नसून प्रकाशाच्या शोधाची आहे, हे खोड हातात घेताच विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. शहरातील सदनिका असो वा गावातील शाळा, झाडाला काय हवे हे आधी मोजून पाहिले, तर विजेचे एक युनिटही वाया न घालविता ते देता येते.